चटई घेऊन गाडी बघायला जा

दोन दारांची स्पोर्ट गाडी घ्यायचं मनात असेल तर दलालाला फोन करण्याआधी एक काम करा. गवंड्याकडून पाणसळ मागून आणा, एक सरळ फळी आणि टेप घ्या आणि घरापासून हायवेपर्यंत चालत जा. वाटेतला एकेक गतिरोधक मोजा. उंची किती आणि गाडीच्या जाण्याच्या दिशेने रुंदी किती, दोन्ही वहीत लिहा. टेंभुर्णी गावात राहणाऱ्याला हे काम अर्ध्या तासाचं आहे. वस्तीवर राहणाऱ्याची अख्खी सकाळ जाईल, पण त्यालाच ते जास्त गरजेचं आहे.

कारण सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली की चारही चाकं गतिरोधकावरच असतात, त्यामुळे त्याचा माथा गाडीच्या पोटाच्या दिशेने जेमतेम पाच सेंटीमीटर वर येतो. ग्राउंड क्लिअरन्स १२ सेंटीमीटर असला तरी गाडी सुखाने पार होते. पण आपल्याकडे एखादा अपघात झाला की लोक रातोरात खडी-डांबर ओतून जो गतिरोधक उभा करतात, तो १५ सेंटीमीटर उंच आणि हातभर रुंद असतो. तिथे चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि पोटाखाली पंधरा सेंटीमीटरची भिंत! गाडी तिरकी घेतली, चालवणारा सोडून बाकीचे खाली उतरले, तरी बारा सेंटीमीटरवाली तिथे घासणारच. एकदा घासली तर खालचं प्लॅस्टिक जातं. जोरात बसली तर चेंबर फुटतं, आणि चेंबरमधलं तेल गेल्यावर इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी कामातून जातं.

पोटाइतकंच नाकही सांभाळावं लागतं. शेताकडे वळताना चारीवर टाकलेली पाइप, बांधावर पुरलेल्या पाइपलाइनचा उंचवटा, दारातला काँक्रीटचा चढ, अशा ठिकाणी गाडीच्या पुढच्या बंपरची कड आधी टेकते. स्वतःच्या जागेतला उंचवटा दोन ट्रॉल्या मुरूम टाकून लांबवता येतो. सरकारी रस्त्यावरच्या गतिरोधकाला हात लावू नका, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा बांधकाम विभागाकडे अर्ज द्या. आणि मोजमाप अगदीच आवाक्याबाहेरचं निघालं तर गाडी हायवेजवळ एखाद्या पक्क्या गाळ्यात ठेवा. तीन गतिरोधकांसाठी मनातली गाडी सोडून देण्यापेक्षा गाळ्याचं भाडं स्वस्त पडतं.

आपल्या माढा तालुक्यात उसाचे किंवा केळीचे चार पैसे हातात आले की फॉर्च्युनर दारात येते. तिचा ग्राउंड क्लिअरन्स दोनशे मिलिमीटरच्या वर आहे आणि ती खरोखर या रस्त्यांसाठी योग्य गाडी आहे. तरीही गेल्या काही वर्षांत मला वेगळे फोन येऊ लागले आहेत. पुण्याला नोकरी करून परत आलेला मुलगा, एमआयडीसीत स्वतःचं युनिट टाकलेला तरुण, दुबईला केळी पाठवणारा शेतकरी, अशा माणसांना एकदा तरी खरी स्पोर्ट गाडी चालवायची असते. मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. टेंभुर्णीहून पुण्यापर्यंत सुमारे १६५ किलोमीटरचा चौपदरी रस्ता आहे, सोलापूर त्याच्या निम्म्या अंतरावर. अशी गाडी मर्यादेतल्या वेगातही हातात काय देते, हे कळायला एवढा रस्ता पुरतो. म्हणून ‘गाडी बघायला येता का’ असं कोणी म्हटलं की मी जातो. पिशवीत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि एक चटई असते. चटई सगळ्यांत महत्त्वाची, कारण अशी गाडी झोपून बघावी लागते.

खऱ्या दोन दारी गाड्या जुन्या बाजारात बोटांवर मोजण्याइतक्या सापडतील. २०१५ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी, दोन लिटर टर्बो, २३० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, तेव्हाची शोरूम किंमत ६० लाख ३४ हजार. २०१६ ची फोर्ड मस्टँग, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ६५ लाख. २०१७ ची पोर्शे ७१८ केमन, चार सिलिंडर टर्बो, ३०० अश्वशक्ती, ८१ लाखांच्या वर. २०१९ ची मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे, ७५ लाख. २०२३ ची बीएमडब्ल्यू एम२, ९८ लाख. यातली एकही भारतात जोडलेली नाही. मर्सिडीजची चार दारी सी-क्लास चाकणला तयार होते, ऑडीच्या सेदान छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जातात. दोन दारी मात्र अख्खी बोटीतून येते. टीटी हंगेरीतून आली, मस्टँग अमेरिकेतून, एम२ मेक्सिकोतून.

याचा अर्थ काय, तो नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. पहिल्या मालकाने ७० लाखांना घेतलेली गाडी सहा-सात वर्षांनी बऱ्याचदा निम्म्या किमतीला किंवा त्याहूनही खाली विकायला येते. आपण म्हणतो, स्वस्तात मिळाली. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिच्या ब्रेकच्या डिस्का आजही ७० लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतात आणि त्या समुद्रापलीकडूनच येतात. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. एक्स्ट्रा फिटिंगचा, म्हणजे ऑप्शनचा, सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

नवीन गाडी मागवताना पहिल्या मालकाने कंपनीच्या यादीतून हवे ते ऑप्शन निवडलेले असतात. परदेशातून अख्ख्या येणाऱ्या गाडीवर सीमाशुल्क १०० टक्क्यांच्या आसपास पडत आलं आहे आणि ऑप्शनची किंमतही त्यातच धरली जाते. म्हणजे जर्मनीत एक लाखाला मिळणारं ऑप्शन त्याला इथे दोन लाखांच्या पुढे पडलं. विकताना मात्र त्यातलं फारसं परत मिळत नाही. बाजार मॉडेल, साल, किलोमीटर आणि रंग एवढंच बघतो. तेव्हा योग्य ऑप्शन असलेली गाडी दुसऱ्या मालकाला जवळजवळ साध्या गाडीच्या भावात मिळू शकते. पण चुकीचं ऑप्शन बिघडलं तर त्याचा पूर्ण भाव दुसऱ्याच मालकाला मोजावा लागतो. ‘फुल्ल ऑप्शन आहे साहेब’ असं विकणारा म्हणाला की मी विचारतो, कोणते?

उत्तर त्याच्या तोंडून घ्यायची गरज नाही, ते गाडीवरच लिहिलेलं असतं. ऑडीच्या डिक्कीत, तळाचं कव्हर उचललं की एक कागदी स्टिकर दिसतो आणि त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. पोर्शेमध्ये असाच स्टिकर पुढच्या झाकणाखाली आणि सर्व्हिस पुस्तकात असतो. त्यावर ४५० दिसलं तर सिरॅमिक ब्रेक आहेत, ४७५ म्हणजे ॲडजस्ट होणारे शॉकअप्सॉर्बर, ६४० म्हणजे स्पोर्ट क्रोनो पॅकेज. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या बाबतीत चेसिस नंबर दिला की अधिकृत वर्कशॉप कारखान्यातून निघतानाच्या फिटिंगची यादी काढून देऊ शकतं. ही यादी हातात आल्याशिवाय भाव बोलू नका. यादीत नसलेली वस्तू गाडीवर असेल तर ती नंतर बाहेरून बसवली आहे, आणि यादीतली वस्तू गाडीवर नसेल तर ती कुठे गेली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता टेंभुर्णीच्या माणसाने काय शोधावं. माझ्या मते पहिला मान चाकांचा. शोरूममध्ये २० इंची चाकं सुंदर दिसतात. ७१८ केमनचंच उदाहरण घ्या. मूळ १८ इंची चाकावर पुढचा टायर २३५/४५ मापाचा येतो, म्हणजे रबराची भिंत १०६ मिलिमीटर. वीस इंचीचं ऑप्शन घेतलं की टायर २३५/३५ होतो आणि भिंत ८२ मिलिमीटर राहते. हे २४ मिलिमीटर रबर म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली तुमची गादी. सर्व्हिस रोडवर पावसाळ्यानंतरचा एक खड्डा चुकला तर मोठ्या चाकाचा अलॉय वाकतो किंवा तडकतो, टायरच्या कडेला फुगा येतो, आणि कडेचा फुगा किंवा चीर कोणत्याही पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याच मॉडेलची लहान चाकांची गाडी मिळाली तर तीच घ्या. दिसायला थोडी साधी वाटेल, पण घरी परत येईल.

दुसरं ऑप्शन, ॲडजस्ट होणारं सस्पेन्शन. बटण दाबलं की मऊ, पुन्हा दाबलं की कडक. पोर्शेत पीएएसएम, ऑडीत मॅग्नेटिक राइड, नावं वेगवेगळी, काम सारखंच. आपल्या रस्त्यांवर ते मऊ अवस्थेत फार उपयोगी पडतं. तरी ते घेताना शॉकअप्सॉर्बरवर तेलाचे ओघळ आहेत का ते टॉर्च मारून बघा. साध्या गाडीचा शॉकअप्सॉर्बर आणि हा, यांच्या भावात मोठा फरक आहे. सस्पेन्शनची चूक दाखवणारा दिवा डॅशबोर्डवर पेटलेला असेल तर विक्रेत्याला आधी दुरुस्त करून द्यायला सांगा, मग बोला. काही महागड्या गाड्यांत बटणाने नाक उचलायची सोय असते. पोर्शे ९११ मध्ये हे ऑप्शन घेतलेलं असेल तर पुढचा भाग सुमारे ४ सेंटीमीटर वर येतो. बजेट तिथपर्यंत जात असेल तर हे ऑप्शन नसलेली ९११ आपल्या भागात आणूच नका.

तिसरं, दिवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री हायवेवर काय असतं ते आपल्याला माहीत आहे. दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. समोरच्या वाहनापुरताच प्रकाश आपोआप कमी करून बाकी रस्ता उजळ ठेवणारे मॅट्रिक्स एलईडी दिवे असतील तर ते खरोखर जीव वाचवतात. मी सुरक्षिततेच्या या एका ऑप्शनसाठी जास्त पैसे द्यायला सांगतो. फक्त दोन्ही दिव्यांच्या आत बाष्प धरलेलं नाही ना आणि काचेला बारीक तडा नाही ना, हे बघून घ्या. असा एक दिवा बदलायचा तर लाखांतच बोलावं लागतं.

सीटला हवा खेळवणारी सोय असेल तर ती घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि काळ्या चामड्याच्या स्पोर्ट सीटवर दुपारी बसवत नाही. पुढचे-मागचे पार्किंग सेन्सर आणि कॅमेरा हवाच, कारण अशा गाडीतून मागचं फार कमी दिसतं. महागडी म्युझिक सिस्टीम असली तर आनंद आहे, नसली तर अडत नाही.

आता टाळायचं काय. पोर्शेत पिवळ्या कॅलिपरचे सिरॅमिक ब्रेक दिसले की तरुण मुलं हरखून जातात. ते ट्रॅकवर तापलेल्या गाडीसाठी आहेत. गावात टायर बदलताना पोराच्या हातून चाक निसटलं आणि रिमची कड त्या डिस्कवर आपटली तर डिस्कचा टवका उडतो, आणि एका डिस्कची किंमत ऐकून घरात बोलणी बसतील. साध्या लोखंडी डिस्का आपल्या वापराला भरपूर पुरतात. काचेचं मोठं छत असलेली गाडी असेल तर त्याच्या कडेच्या पन्हळी धुळीने तुंबलेल्या असतात. छतावर बाटलीभर पाणी ओतून बघा आणि पायाखालचं कार्पेट ओलं होतं का ते हाताने तपासा.

बाहेरून केलेल्या फेरफारांपासून तर दूरच राहा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापून खाली बसवलेल्या स्प्रिंगा, इंजिनच्या संगणकात ताकद वाढवण्यासाठी केलेले बदल, गडद फिल्म. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. काचेवरच्या गडद फिल्मला तर २०१२ पासूनच मनाई आहे. दंडापेक्षाही मोठी अडचण विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअरला असे बदल सापडले की दावा अडकतो. शिवाय ज्याने इंजिनची ताकद वाढवून घेतली, त्याने गाडी कशी पिळली असेल याचा विचार करा.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आदल्या रात्री सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गाडी थंड होऊ द्या. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. पहिल्या मिनिटातली खडखड, निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट. मग चटई टाका आणि खाली झोपा. पोटाचं कव्हर किती घासलंय, स्क्रूच्या जागी तारा बांधल्या आहेत का, चेंबरला वेल्डिंग आहे का, अलॉयची आतली कड सरळ आहे का. बाहेरून चकाकणारा अलॉय आतून वाकलेला आणि वेल्डिंग केलेला मी पाहिला आहे. एका मित्राबरोबर अशीच गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, गाडी कुठे लागलेली नाही. चटईवर झोपून बघितलं तर पुढच्या उजव्या चाकामागची लोअर आर्म नवी कोरी आणि डावी सात वर्षांची. आम्ही तिथूनच परत फिरलो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्यानेही मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या पत्र्यावर ३०० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं समजा. लोहचुंबक लावून बघायची जुनी पद्धत इथे चालणार नाही. टीटीचं बोनेट आणि दारं ॲल्युमिनियमची आहेत, चुंबक तसाही चिकटत नाही. म्हणून लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं यंत्र हवं.

पाण्यात गेलेल्या गाडीची ओळख आपल्याला वेगळी शिकवायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी माढा तालुक्यातल्या गावांत शिरलं, तेव्हा चिखल कुठे कुठे जाऊन बसतो ते आपण पाहिलं आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. त्याच पट्ट्याच्या बुडाशी तो कोणत्या साली बनला ते छापलेलं असतं. पाच वर्षांच्या गाडीला दोन वर्षांचा पट्टा असेल तर एअरबॅग उडून गेलेली असण्याची शक्यता आहे. सीटखालच्या बोल्टांवर गंज दिसला तर आणखी खोलात बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच कितीही दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर बदलावाच लागेल, आणि चार टायरांचा खर्च भावातून वजा करा.

मीटर मागे फिरवणं आजही होतं. त्यावर उपाय एकच, चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची जुनी नोंद काढणं. तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्याच नोंदीत ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं तेल बदललंय का ते बघा. टीटीच्या गिअरबॉक्सला दर ६० हजार किलोमीटरला ते लागतं. ट्रायल घेताना चढावर, गर्दीत, रांगेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकवून बघा. झटके देत असेल तर क्लच थकलेला असू शकतो. हायवेवर ताशी ९० ते १०० ला स्टिअरिंग थरथरलं तर अलॉय वाकलेला असू शकतो, फक्त बॅलन्सिंगने भागेलच असं नाही.

कागदपत्रं आपल्याला सातबाऱ्यामुळे लवकर समजतात. सातबाऱ्यावर जसा बोजा, तसाच आरसीवर बँकेचा बोजा असतो. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, कर्ज, विमा, कर, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपया देऊ नका. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बेंगळुरू, हैदराबादची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ चा दाखला, नवा एमएच-४५ नंबर आणि महाराष्ट्राचा कर हे सगळं तुमच्या अंगावर येतं. परदेशी बनावटीच्या गाडीवर हा कर २० टक्क्यांपर्यंत जातो. आधी आकडा काढा, मग ठरवा. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याला आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का ते विचारा, १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

गाडी महाग म्हणून कागद पूर्ण असतील असं समजू नका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव घेणाऱ्या पोर्शेची नोंदणीच पूर्ण झाली नव्हती, १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. ऊस-केळीच्या व्यवहारात रोख चालत असेल, इथे नको. आयकर कायद्याने एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. सगळं बँकेतून करा, पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

विमा ताबडतोब, १४ दिवसांच्या आत, आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल, ते गृहीत धरा. झिरो डेप्रिसिएशनबरोबर इंजिन प्रोटेक्शनही घ्याच. साध्या पॉलिसीत चेंबर फुटून तेल गेलं आणि नंतर इंजिन जाम झालं तर इंजिनचे पैसे मिळत नाहीत, आणि आपल्या रस्त्यांवर धोका नेमका तोच आहे.

पेट्रोलचा विषय टेंभुर्णीत जिव्हाळ्याचा, कारण त्यात मिसळलेलं इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून जातं. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. शेतकरी म्हणून मला त्याचं समाधान आहे. पण २०२३ च्या आधीच्या बहुतेक आयात गाड्या १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत. पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं वाचा, ऑक्टेन ९५ की ९८ तेही तिथेच असतं. तिथे लिहिलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचं पेट्रोल या इंजिनांना देऊ नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर चालवा. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात आणि शेतातल्या गोडाऊनमध्ये ठेवली तर उंदीर वायरी कुरतडतात. वायरिंगचा अख्खा हार्नेस आयात करणं हा फार मोठा खर्च आहे.

पैसे किती ठेवावेत, असं सगळेच विचारतात. माझा हिशोब असा, गाडी ३० लाखांची असेल तर ३ लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि पहिल्या वर्षी त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका. सगळी तेलं, ब्रेक, टायर, बॅटरी यातून एकदा नवं करून घ्या. ते ३ लाख बाजूला निघत नसतील तर २५ लाखांची गाडी बघा.

यातल्या काही गाड्यांना स्टेपनी नसते, फक्त फोमची बाटली आणि छोटा पंप. बाटलीने छोटं भोक भरतं, फाटलेला टायर नाही. आपल्या गावातल्या टायरवाल्याकडे १९ इंची लो प्रोफाइल टायर रिमला न खरवडता काढणारं मशीन आहे का, ते गाडी घेण्याआधी विचारून ठेवा. सपाट पाट्यावरून गाडी उचलून नेणाऱ्या टोइंगवाल्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. हूक लावून ओढणारा नको, चारही चाकांना ताकद असलेली गाडी तशी ओढली तर गिअरबॉक्स जातो.

आणि गाडी आणायच्या दिवशी पुण्याहून सकाळी लवकर निघा. व्यवहार दुपारी आटोपला तर मुक्काम करा, पण हंगामात पहिल्यांदा ती गाडी अंधारात आणू नका. मागच्या चाकांना ताकद असलेली ४०० अश्वशक्तीची गाडी, रस्त्यावर सांडलेलं पाचट आणि अनोळखी ॲक्सिलरेटर, हे एकत्र नको. सरडेवाडीचा टोल ओलांडला की थांबा, चारही टायरांना हात लावून बघा, एखादा जास्त तापलाय का. मग टेंभुर्णी फाट्यावर या आणि खिशातली ती वही काढा, ज्यात तुम्ही गतिरोधक मोजून लिहिले आहेत. पहिला किती सेंटीमीटरचा आहे ते वाचा, शेजारी बसलेल्याला खाली उतरवा आणि त्याला पुढे उभं राहून बघायला सांगा.